ओळखीची खूण

शाकुंतलाचा सहावा अंक सुरू झाला की वर्ग हसतो. निदान माझ्या वर्गात तरी तो वर्षानुवर्षे हसत आला. पाचव्या अंकातल्या प्रत्याख्यानाने वातावरण जड झालेले असते आणि लगोलग दोन शिपाई एका धीवराच्या मुसक्या बांधून त्याला रंगमंचावर आणतात. राजाचे नाव कोरलेली अंगठी त्याच्यापाशी सापडलेली आहे. तो सांगतो की मी शक्रावताराचा राहणारा, मासेमारीवर कुटुंब पोसणारा. रोहित मासा चिरत होतो, त्याच्या पोटात ही अंगठी चमकली. नगररक्षकांचा प्रमुख त्याच्या उपजीविकेच्या ‘शुद्धते’वर टोमणा मारतो आणि अंगाला येणाऱ्या वासावरून हा मासेमारच, असा निर्वाळा देतो. मी हा प्रवेश रंगवून शिकवत असे. खिशातला रुमाल काढून नाकाला लावण्याची एक लकब मी त्यासाठी बसवली होती आणि ती हमखास दाद घेई, हे आता लिहिताना बरे वाटत नाही.

कारण माझे महाविद्यालय सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर होते. समोरच्या बाकांवर बसलेल्यांत दहा-बारा मुले तरी अशी असत की ज्यांच्या घरी पहाटे जाळे ओढले जाई. तीही हसत. हसण्यावाचून त्यांना दुसरा मार्ग काय होता, हा विचार माझ्या मनात २०११ सालापर्यंत आला नाही. त्या वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला, रागाने नव्हे, नुसताच. मी रुमाल खिशात घातला आणि पुढचा संवाद घाईघाईने उरकला.

दोन आठवड्यांनी तोच मुलगा प्राध्यापक-कक्षाच्या दारात उभा राहिला. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. “सर, हा मासा कुठला, सांगाल का? घरी कुणालाच ठाऊक नाही.”

हा प्रश्न त्याने प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना न विचारता मला विचारला, यात मला दुहेरी आनंद झाला. एक तर त्या दिवशीचे काही भरून काढण्याची संधी चालून आली होती. दुसरे कारण जरा लाजिरवाणे आहे. त्याच सुमारास मी जे. एल. बी. स्मिथ यांचे ‘ओल्ड फोरलेग्ज’ हे १९५६ सालचे पुस्तक वाचून संपवले होते. ज्या माशाचे कूळ कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाले असे जग समजत होते, तो सीलाकँथ नावाचा मासा दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कसा सापडला आणि ग्रॅहमटाउनच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, माशांचा अभ्यास हौसेने करणाऱ्या या गृहस्थाने तो कसा ओळखला, याची ती हकिकत. पुस्तक वाचल्यापासून बंदरावर फिरायला गेलो की माझी नजर टोपल्यांकडे जाई. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला जे साधले ते मराठीच्या शिक्षकाला का साधू नये, इतका बाळबोध हिशेब त्यामागे होता. आता मासा आपल्या पायांनी माझ्याकडे आला होता!

पिशवीतून काढून तो वर्तमानपत्रावर ठेवला. वीतभर लांब, दोन्ही बाजूंनी चपटा, अंडाकृती. रंग काळा म्हणावा तर कडेला जांभळट निळा. शेपटीची दोन्ही टोके चंद्रकोरीसारखी लांब वाढलेली. तोंड लहानसे, आणि त्यातून डोकावणारे दात चक्क लाल, पान खाल्ल्यासारखे. पाठीवर एक जाड काटा ताठ उभा होता. कातडे हाताला खरखरीत आणि इतके घट्ट की बोटाने दाबले तरी दबेना. सहकाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. कुणीतरी उदबत्ती लावली.

ग्रंथालयात सागरी जीवांवरचे एक इंग्रजी सचित्र पुस्तक होते. ते उघडून मी पाने उलटू लागलो आणि वीस मिनिटांत मला माझा मासा ‘सापडला’. म्हणजे हुबेहूब तोच नव्हे. एका जोडपानावर लहान तोंडाचे, जाड कातड्याचे, विचित्र आकाराचे मासे एकत्र छापले होते: पेटीसारखा चौकोनी मासा, अवाढव्य सूर्यमासा, आपल्याकडे केंड म्हणतात तो पोट फुगवणारा मासा, आणखी चार-दोन. वर गणाचे नाव होते ‘टेट्राओडोंटिफॉर्मिस’, म्हणजे चार दातांवाले. खाली चौकटीत ठळक अक्षरांत विषाची माहिती होती. केंडाच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते, त्यावर उतारा नाही, ओठ बधिर होतात, मग हातपाय, मग श्वास. तोंड लहान, कातडे जाड, दात विलक्षण. माझी खात्री पटली. मी मुलाला सांगितले, “हा केंडाच्याच कुळातला आहे. विषारी. घरी सांग, कुणी खाऊ नका, विकूही नका.” आवाजात किंचित गांभीर्य आणले होते. चौकटीतला मजकूर त्याला वाचूनही दाखवला.

त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “आजीने सकाळी एक सोलून ठेवलाय, सर. दुपारी कालवण करणार होती.” घड्याळात दोन वाजून गेले होते.

पुढचे मी पाहिलेले नाही, नंतर ऐकलेले आहे. मुलगा धावत घरी पोहोचला तेव्हा आजी जेवून ओट्यावर विडा लावत बसली होती. मुलाच्या वडिलांनी रिक्षा आणली. आजी बसायला तयार नव्हती. तिला उचलून बसवले. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी लक्षणे विचारली, ती एकही नव्हती, तरी खबरदारी म्हणून रात्रभर ठेवून घेतले. घरातली सगळी माणसे आळीपाळीने तिच्या ओठांना हात लावून ‘कळतं का’ म्हणून विचारत होती. दरम्यान त्या दिवशी जाळ्यात आलेल्या या माशाच्या तीन टोपल्या वडिलांनी माझ्या शब्दाखातर किनाऱ्यावर खड्डा खणून पुरल्या. बांगडा त्या दिवशी नव्हताच. जाळे मात्र जागोजागी फाटले होते, कारण या माशाचे ताठ काटे आसात अडकले होते आणि ते सुटेनात म्हणून आस कापावे लागले होते.

संध्याकाळी कळले तसा मी रुग्णालयात गेलो. आजी खाटेवर मांडी घालून बसली होती. मला पाहून मुलाचे वडील उठून उभे राहिले, आणि ते उभे राहणे मला फार लागले. मी काय बोललो ते आठवत नाही. आजीने मात्र मला जवळ बोलावून विचारले, “ह्यो काटो बघलात?” आणि हवेत बोटाने दाखवू लागली. सकाळी मासा सोलताना तो पाठीवरचा काटा काही केल्या आडवा होईना. जोर लावून मोडेना. मग तिचे बोट चुकून मागच्या छोट्या काट्यावर पडले आणि पुढचा मोठा काटा आपोआप मिटला. पुन्हा उभा करून पाहिला, पुन्हा मागचा दाबला, पुन्हा मिटला. “कुलूप हा तेका,” ती म्हणाली. केंडाला असा काटा नसतो, खवले नसतात, केंड हातात धरला की फुगतो, हे सगळे तिने मला शांतपणे सांगितले. तिने आयुष्यभर केंड जाळ्यातून काढून फेकले होते. आणि मग ते वाक्य, जे मी पुढे कितीतरी वर्षे कुणाला सांगितले नाही: “मास्तरांनू, तुमका नाव गावला, पन मासो नाय गावलो.”

सकाळी तिला घरी सोडले. त्याच सकाळी शेजारच्या वाडीतल्या होड्यांना तोच मासा मिळाला होता. तो व्यापाऱ्याने पडेल भावाने का होईना, पण उचलला.

स्मिथ यांचे पुस्तक मी त्यानंतर पुन्हा वाचले. पहिल्या वाचनात मी ते शोधाची कथा म्हणून वाचले होते, आणि अशा कथेत वाचकाचे लक्ष नायकावर असते. दुसऱ्या वाचनात मला वेगळ्याच गोष्टी दिसू लागल्या. २२ डिसेंबर १९३८ रोजी ईस्ट लंडन या बंदरात ‘नेरीन’ नावाचा ट्रॉलर लागला. तिथल्या छोट्या संग्रहालयाची क्युरेटर मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर ही एकतीस वर्षांची बाई. तिच्याकडे प्राणिशास्त्राची पदवी नव्हती. कप्तान हेंड्रिक गूसेन जाळ्यात काही विशेष आले की तिला निरोप धाडत असे. त्या दिवशी जावे की नाही या विचारात ती होती. नाताळ जवळ आला आहे, खलाशांना शुभेच्छा तरी देऊन येऊ, म्हणून ती गेली. माशांच्या ढिगाखाली तिला एक निळा पर दिसला. ढीग उपसल्यावर पाच फूट लांबीचा, फिकट निळसर-जांभळा, चंदेरी खुणांचा मासा निघाला. परांच्या बुडाशी मांसल देठ होते, जणू आखूड हातपायच. शेपटीच्या मधोमध आणखी एक छोटी शेपटी बाहेर आलेली.

टॅक्सीवाला वासामुळे तो मासा गाडीत घ्यायला तयार नव्हता. (कालिदासाचा नगररक्षक काय, ईस्ट लंडनचा टॅक्सीवाला काय, आमच्या कक्षातली उदबत्ती काय!) तिने त्याला घ्यायला लावले. सत्तावन्न किलोंचा तो मासा ठेवायला गावातल्या शवागाराने नकार दिला, शीतगृहानेही दिला. संग्रहालयाच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, हा तर साधा रॉक कॉड, म्हणजे आपण गोबरा म्हणतो त्या कुळातला. आता या ठिकाणी थांबून पाहण्यासारखे आहे. तिच्यापाशीही पुस्तके होती, तीही त्यांत शोधत होती. पण पुस्तकातले जवळात जवळचे चित्र उचलून तिने माशाला चिकटवले नाही. ‘मला हा ओळखता येत नाही’ या वाक्यावर ती टिकून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने स्मिथ यांना पत्र लिहिले आणि त्यासोबत एक चित्र काढून पाठवले. चित्र कच्चे आहे. चित्रकलेच्या शिक्षकाने त्याला बरे गुण दिले नसते. पण खवले कसे, पर किती आणि कुठे, शेपटीला काय जादा आहे, ते सगळे त्यात आहे. जे दिसले ते तिने नावाची वाट न पाहता नोंदवून ठेवले.

नाताळच्या टपालात ते पत्र रेंगाळले. सुट्टीसाठी नाइस्नाला गेलेल्या स्मिथ यांच्या हाती ते ३ जानेवारी १९३९ रोजी पडले. सांगाडा आणि कल्ले जपून ठेवा, अशी तार त्यांनी तातडीने केली. तोवर उशीर झाला होता. उन्हाळ्याच्या दिवसांत मासा सडू लागल्यामुळे तो पेंढा भरणाऱ्याच्या हवाली करावा लागला होता. आतले अवयव फेकले गेले होते, छायाचित्रांचे रीळही बिघडले होते. चित्र पाहताक्षणीच स्मिथ यांच्या मनात नाव आले होते. तरीही ते त्यांनी उच्चारले नाही. चुकलो तर शास्त्रज्ञांच्या जगात कायमचे हसे होईल, या धास्तीने त्यांची झोप उडाली. प्रत्यक्ष मासा पाहायला ते १६ फेब्रुवारीला पोहोचले, आणि मग त्यांनी हो म्हटले. सहा आठवडे! मला वीस मिनिटे लागली होती.

या माशाच्या बाबतीत एक गंमत आहे. लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञाने जीवाश्मांतला पोकळ काटा पाहून ‘सीलाकँथ’ हे नाव जवळजवळ शंभर वर्षे आधीच देऊन ठेवले होते. म्हणजे नाव गावले होते, मासा नंतर गावला. स्मिथ यांनी जिवंत जातीला ‘लॅटिमेरिया चालुम्नी’ म्हटले: पहिल्या शब्दात त्या क्युरेटर बाई, दुसऱ्यात चालुम्ना नदी, जिच्या मुखापाशी जाळे टाकले होते.

इथवर कथा स्मिथ यांच्या संयमाची आहे. पण पुढे त्यांच्याही हातून चूक झाली, आणि मला खरे सांगायचे तर या चुकीनेच मला त्यांच्याविषयी जवळीक वाटू लागली. पहिला नमुना अपुरा, म्हणून दुसरा मिळवण्यासाठी त्यांनी शंभर पौंडांच्या बक्षिसाची पत्रके पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाटली. चौदा वर्षांनी, १९५२च्या डिसेंबरात, कोमोरो बेटांवरून एरिक हंट या कप्तानाची तार आली. मासा सडण्याआधी तिथे पोहोचायला विमान हवे होते. स्मिथ यांनी थेट पंतप्रधान मलान यांना गळ घातली आणि लष्करी डाकोटा मिळवले. नमुना हाती आला, तेव्हा ते ढसाढसा रडले, असे त्यांनीच लिहिले आहे. पण या माशाला पाठीवरचा पुढचा पर नव्हता. त्यावरून त्यांनी ही निराळीच प्रजाती ठरवली आणि पंतप्रधानांच्या नावावरून तिला ‘मलानिया’ म्हटले. पुढे आणखी नमुने मिळाले तसे लक्षात आले की तो पर त्या एका माशाचा काही इजेमुळे नाहीसा झाला होता, एवढेच. ‘मलानिया’ हे नाव बाद झाले. वंशभेदाचे राज्य चालवणाऱ्या पंतप्रधानाच्या नावाचा मासा जगात राहिला नाही, बंदरावर शुभेच्छा द्यायला गेलेल्या बाईच्या नावाचा राहिला, याचे मला समाधान वाटते. शास्त्राच्या दृष्टीने हे समाधान अर्थातच गैरलागू आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोमोरोच्या कोळ्यांना हा मासा नवा नव्हताच. ते त्याला ‘गोम्बेसा’ म्हणत. अधूनमधून तो त्यांच्या गरीला लागे. मांस तेलकट, खायला फारसे बरे नाही, हेही त्यांना ठाऊक होते. १९९७ साली इंडोनेशियातल्या मनाडोच्या बाजारात अर्नाझ मेहता आणि तिचा नवरा मार्क अर्डमन यांना हातगाडीवर असाच मासा दिसला. तिथले लोक त्याला ‘राजा लाऊत’, समुद्राचा राजा, म्हणत. या दोघांनी तो ओळखला, छायाचित्र घेतले आणि मासा विकला जाऊ दिला, कारण इथे तो मिळतो हे जगाला माहीत असणारच असे त्यांना वाटले. जगाला माहीत नव्हते. ती दुसरीच जात निघाली. ‘शोध’ या शब्दाची व्याप्ती केवढी, हे ठरवायचे तर त्या हातगाडीवाल्यालाही विचारावे लागेल.

माझ्या माशाची ओळख मात्र यथावकाश पटली. दुसऱ्या जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका जुन्या मित्राला मी सगळे कळवले. त्याने नाव सांगितले नाही. उलट प्रश्न पाठवले. पाठीवर काटे किती? तीन की एक? दात सुटे आहेत की जोडून चोच झाली आहे? खवले तळहातावर काढून बघ, ते पत्र्यासारखे आहेत का? पोटाखालचे पर जोडीने आहेत की नाहीत? मी पिशवीतला मासा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फॉर्मालिनमध्ये ठेवला होता, त्यामुळे उत्तरे देता आली. प्रत्येक उत्तराला मासा केंडापासून दूर जात होता. केंडाचे वरचे दोन आणि खालचे दोन दात जोडून चोच होते, म्हणून तर ते ‘चार दातांवाले’. याचे दात सुटे होते. गण एकच, कूळ वेगळे. मी गणाच्या मथळ्याखालचे वर्णन वाचले आणि त्यातली एका कुळाची गोष्ट दुसऱ्याला लावली. कादंबरी ‘ग्रामीण’ म्हणून हाती आली की तिच्यात आधी बैलजोडी शोधायची, तशातलाच प्रकार. समीक्षेत असे केल्याने कुणाला रुग्णालयात जावे लागत नाही, म्हणून आपण ते निर्धास्तपणे करत राहतो.

तो ट्रिगरफिश होता, लाल दातांचा. शास्त्रीय नाव ‘ओडोनस नायगर’. १८३६ साली र्‍यूपेल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्रातल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. ‘ट्रिगर’ म्हणजे आजीने शोधून काढलेले कुलूपच. संकट आले की हा मासा खडकाच्या कपारीत शिरतो आणि पाठीचा पहिला काटा उभा करतो; मागचा छोटा काटा त्याला टेकू देतो आणि मग त्याला कुणी बाहेर ओढू शकत नाही. टेकू काढला की काटा मिटतो. इंग्रजी नाव ज्या गोष्टीवरून पडले ती गोष्ट आजीच्या बोटांना सकाळी सात वाजता कळली होती. हा प्रवाळाच्या खडकांभोवती राहणारा मासा. लक्षद्वीपच्या लोकांना तो परिचित आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही त्याचे थवेच्या थवे जाळ्यांत येऊ लागले आहेत. त्या वर्षी आमच्याकडे मात्र तो अनोळखी होता.

मी तीन टोपल्यांचे पैसे घेऊन मुलाच्या घरी गेलो. वडिलांनी ते घेतले नाहीत. “तुम्ही काय मुद्दाम केलंत, सर?” एवढेच म्हणाले. मुलगा आठवडाभर वर्गात आला नाही, मग आला. पुढच्या वर्षी सहावा अंक शिकवायची वेळ आली तेव्हा मी रुमाल काढला नाही. प्रवेश पुन्हा नीट वाचला, आणि इतकी वर्षे हातून निसटलेली एक साधी गोष्ट दिसली. त्या सगळ्या गोंधळात धीवराने सांगितलेली एक बाब अशी आहे की जिच्यावर कुणीही शंका घेत नाही, ती म्हणजे माशाचे नाव. अंगठी कुठून आली, याची चौकशी होते. मासा रोहितच कशावरून, असे कुणी विचारत नाही. राजाची ओळख हरवलेली आहे, शकुंतलेची ओळख नाकारली गेली आहे, अंगठीची ओळख पटवायची आहे. आणि मागधी बोलणारा, हात मागे बांधलेला तो एकटा माणूस आपल्या हातात काय होते ते निःशंकपणे सांगतो. पुढे १८२२ साली हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याने हेच नाव उचलले; रोहूचे शास्त्रीय नाव आजही ‘लेबिओ रोहिता’ आहे. कालिदासाचा धीवर आणि शास्त्रज्ञाची पट्टी या दोहोंवर एकच शब्द असावा, हे मी वर्गात सांगितले तेव्हा कुणी हसले नाही. शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारले, “सर, पण रोहू नदीतला ना? खाऱ्या पाण्यात नाही मिळायचा.” मी म्हटले, हो, ती अंगठी गंगेच्या प्रवाहातच पडली होती. प्रश्न विचारणाऱ्याने मान डोलावली. त्याचे समाधान झाले होते.

फॉर्मालिनची ती बरणी अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. माशाचा निळा-जांभळा रंग केव्हाच गेला. सीलाकँथच्या पहिल्या नमुन्याचाही गेला होता. बरणीवरच्या चिठ्ठीत मित्राने सांगितल्याप्रमाणे मी शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, जाळ्याचा प्रकार असे सगळे लिहिले. ‘स्थानिक नाव’ ही ओळ रिकामी होती. निवृत्त होण्याआधी ती भरावी म्हणून मी एकदा बंदरावर गेलो. तो मुलगा आता स्वतःची होडी चालवतो. त्याची आजी मागच्या पावसाळ्यात वारली होती. मी विचारले, तुमच्याकडे या माशाला आता काय म्हणतात? तो जाळे आवरत होता. आधी हसला, मग खाली पाहिले, मग म्हणाला, “आमच्या वाडीपुरतं एक नाव आहे, सर. आजीनेच पाडलं. तुम्ही रागावणार नसाल तर सांगतो.”

मी घरी न जाता प्रयोगशाळेत गेलो, बरणी खाली काढली आणि रिकाम्या ओळीत लिहिले: मास्तर.